नागीण निघाली तर पहिले तीन दिवस, आणि लस घ्यायची की नाही हे ठरवताना

आईला नागीण निघाली ती मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या चार दिवस आधी. आधी दोन दिवस तिच्या उजव्या बरगडीखाली आग होत होती. तिला वाटलं पित्त झालं. आम्हाला वाटलं, रात्रभर कूलरसमोर झोपते, पाठ धरली असेल. मग पाठीवर लाल चट्टे दिसले. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात ‘घामोळ्या आहेत’ म्हणून पावडर मिळाली. दुसऱ्या दिवशी चट्ट्यांवर पाण्याचे फोड भरले, तेव्हा शेजारच्या काकू आल्या, पदर बाजूला करून पाहिलं आणि म्हणाल्या, “अवं, ही तं नागीण आहे. दवाखान्यात काहून नेता? तिले गोळी चालत नाही. झाडून घ्या.”

काकूंचं निदान डॉक्टरांपेक्षा बरोबर होतं, सल्ला मात्र चुकला. दूर्वा आणि तांदळाचा लेप लावण्यात आणखी तीन दिवस गेले. शेवटी धंतोलीत त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पहिला चट्टा किंवा फोड कधी दिसला?” आम्ही दिवस मोजले. पाचवा दिवस होता.

फोड तीन आठवड्यांत सुकले. दुखणं चौदा महिने राहिलं.

हा लेख त्या चौदा महिन्यांतून आला आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण आईच्या आजारपणात आणि नंतर घरातल्या तिघांच्या लसीचा निर्णय घेताना जे वाचलं, विचारलं, पडताळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घरात आज कुणाला फोड आले असतील तर खालचं पहिलं प्रकरण सोडा आणि सरळ पहिल्या पायरीवर या.

आधी एवढं समजून घ्या

नागीण (डॉक्टरांच्या भाषेत हर्पिस झोस्टर) बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याला लागून मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेहाने किंवा एखाद्या औषधाने प्रतिकारशक्ती मंदावली, की त्यातल्या एका गाठीत तो जागा होतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत चालत येतो. फोड पट्ट्यासारखे, एका ओळीत येतात ते यामुळे, आणि फोडांच्या आधी दुखतं तेही यामुळे, कारण आग आधी शिरेत, म्हणजे त्या मज्जातंतूत, लागलेली असते. इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर या छोट्या गावातले एक साधे फॅमिली डॉक्टर, एडगर होप-सिम्पसन, यांनी आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून हे १९६५ मध्ये नीट मांडलं.

आता ती मोठी भीती. ‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो.’ आमच्या घरी हे तीन वेगवेगळ्या माणसांनी, आईच्या समोर, तिला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं. ती रात्री उठून हाताने पाठ चाचपायची, वेढा कुठवर आला ते बघायला. तिला आम्ही जे चित्र काढून दाखवलं तेच सांगते. कण्यातून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. विषाणू त्यातल्या एकात जागा झालेला असतो. उजव्या शिरेची हद्द छातीच्या आणि पाठीच्या मध्यरेषेवर संपते, म्हणून फोडही तिथेच थांबतात. वेढा पूर्ण होतच नाही. फोड दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरले तर मात्र ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचं लक्षण असू शकतं. तिथे वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जायचं.

आणि झाडून घेतल्याने लोक बरे होतात ते कसं? फोड दोन ते चार आठवड्यांत आपले आपण सुकतात. झाडलं तरी, न झाडलं तरी. त्या काळात जे केलं त्याला श्रेय मिळतं. पचमढीजवळच्या नागद्वारची यात्रा बोलायची असेल तर जरूर बोला, श्रद्धेला माझी आडकाठी नाही. फक्त गोळी आधी सुरू करा.

पहिली पायरी: ओळखा

अंगाच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात आग, ठणका, मुंग्या, सुई टोचल्यासारखं, किंवा कपडा लागला तरी सहन न होणं. त्यानंतर एक ते पाच दिवसांत त्याच जागी लाल चट्टे आणि त्यांवर घोसाने पाण्याचे फोड. छाती-पाठ-पोटाचा पट्टा सगळ्यात नेहमीचा, पण मान, चेहरा, कंबर, मांडी, कुठेही येऊ शकते.

फोड येण्याआधी फसगत होते. उजवीकडे पित्ताशय वाटतं, कमरेला मुतखडा, जबड्यात दाढ. डाव्या छातीत दुखत असेल तर मात्र ‘नागीण असेल’ असं घरी ठरवून बसू नका. आधी ईसीजी.

उन्हाळ्यात नागपुरात घामोळ्यांशी गल्लत होणारच. फरक सोपा आहे. घामोळ्या दोन्ही बाजूंना येतात, खाजतात, चुरचुरतात. नागीण एका बाजूला येते आणि दुखते. आईच्या वेळी हा एक फरक मला माहीत असता तर सगळं वेगळं झालं असतं.

दुसरी पायरी: बहात्तर तास

पहिला चट्टा किंवा फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळी सुरू व्हावी, यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत आहे. दुखायला लागल्यापासून नाही, पुरळ दिसल्यापासून मोजायचं. म्हणून फोड दिसताच मोबाइलने फोटो काढून ठेवा. त्यावर तारीख-वेळ आपोआप राहते.

गोळ्या तीन प्रकारच्या. एसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, तीन वेळा. फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम, तीन वेळा. साधारण सात दिवस. ही माहिती चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहे, दुकानातून आपली आपण आणण्यासाठी नाही, कारण किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट, साखर, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. एसायक्लोव्हिर स्वस्त पडतं, पण पाच वेळा गोळी घेणं म्हाताऱ्या माणसाकडून होतं का याचा विचार करा. आमच्याकडे दुपारची हमखास चुकायची. परवडत असेल तर तीन वेळाची मागून घ्या.

मेच्या उन्हात एक गोष्ट जास्तीची. या गोळ्या चालू असताना अंगात पाणी कमी पडलं तर किडनीवर ताण येतो. आपल्याकडे पारा ४५ वर असताना वयस्क माणसं तहान लागत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मी आईच्या उशाशी एक लिटरची बाटली ठेवून त्यावर पेनाने खुणा केल्या होत्या. अकरापर्यंत इथवर, दोनपर्यंत इथवर. (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर त्यांना विचारूनच.) गोळ्या सुरू झाल्यावर माणूस भलतंच बोलायला लागला, ओळख विसरला, तर तो उन्हाचा किंवा वयाचा परिणाम समजू नका. लगेच डॉक्टरांना कळवा.

तीन दिवस उलटून गेले असतील तरी जा. नवे फोड अजून येत असतील, फोड चेहऱ्यावर असतील, किंवा माणूस प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असेल, तर डॉक्टर उशिरानेही गोळी देतात. आईला पाचव्या दिवशी दिलीच.

औषधाच्या दुकानात मलमाची ट्यूब हातात मिळते. नागिणीत विषाणूविरोधी मलमाचा उपयोग नाही, औषध पोटातून जावं लागतं. आणि घरात पडलेलं, खाज-गजकर्णावर वापरलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर अजिबात लावू नका.

या तीन जागा असतील तर उद्याची वाट नको

कपाळ, पापणी किंवा नाक. नाकाच्या शेंड्यावर फोड आला असेल तर डोळ्यात नागीण उतरण्याची शक्यता बरीच असते, डोळा लाल नसला तरी. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. नजर जाऊ शकते.

कान. कानात किंवा कानामागे फोड, चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, चक्कर. हेही त्याच दिवशी.

कंबरेच्या खाली, गुप्तांगाजवळ, आणि लघवी तुंबते आहे. लाजून लपवतात लोक. लपवू नका.

नागपुरात नवीन असाल तर, इथे ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकानही आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही. ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. दोन्हीकडे आणि मिहानमधल्या एम्समध्ये त्वचारोग आणि नेत्र असे दोन्ही विभाग आहेत. ओपीडीसाठी सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. खाजगीत जायचं तर धंतोली आणि रामदासपेठ. पण तज्ज्ञांची वेळ दोन दिवसांनी मिळत असेल तर थांबू नका. आपल्या मोहल्ल्यातले एमबीबीएस डॉक्टरही ही गोळी सुरू करू शकतात. घड्याळ चालू आहे हे त्यांना स्पष्ट सांगा.

तिसरी पायरी: घरी सांभाळणं

आंघोळ बंद करायची नाही. साधं पाणी, साधा साबण, घासायचं नाही, मऊ पंचाने टिपून घ्यायचं. थंड पाण्यात पिळलेला सुती कपडा दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं ठेवला की आग शमते. बर्फ थेट नको. कॅलामाइन लोशन चालतं. गेरू, हळद, चुना, राख, तंबाखू नको. कुणी गेरूने फोडांभोवती रेघ ओढतं, कुणी फोड टाचणीने फोडतं. उघड्या जखमेत जंतू गेले की नागिणीवर दुसरं दुखणं चढतं. आजूबाजूची कातडी लाल होऊन पसरत असेल, पू येत असेल, ताप चढत असेल, तर पुन्हा डॉक्टर.

दुखण्यासाठी पहिल्या आठवड्यात बहुतेकदा पॅरासिटामॉल देतात, आणि ते पुरत नसेल तर पुढचं औषध. ‘सहन करतो’ म्हणू नका. सुरुवातीचं दुखणं जितकं जोराचं, तितकी ते नंतर टिकण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना दहापैकी आकडा सांगा, रोज वहीत लिहा. आकडा असला की आई ‘बरं आहे’ म्हणाली तरी खरं कळायचं.

घरातल्या बाकीच्यांचं काय? नागीण एकाकडून दुसऱ्याला होत नाही. मात्र ओल्या फोडांतल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या कधीच झाल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवा, हात धुवा, पंचा-अंथरूण वेगळं ठेवा. गरोदर बाई, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेला माणूस, यांना सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लांब ठेवा. साधारण सात ते दहा दिवस. म्हणजे माणसाला वेगळ्या खोलीत टाकून ताट दारातून सरकवायची काही गरज नाही. त्याच्याजवळ बसा. रात्री दुखणं वाढतं, आणि रात्रीच माणूस एकटा असतो.

चौथी पायरी: दुखणं उरलं तर

फोड सुकले, नातेवाईक बघून गेले, सगळ्यांना वाटलं झालं. आणि आई म्हणायची, “आतून जळून राहिलं.” पुरळ आल्यापासून तीन महिन्यांनंतरही दुखणं उरलं तर त्याला डॉक्टर पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. विषाणू पुन्हा झोपला, पण त्याआधी शीर पोळून गेला. ती पोळलेली शीर कारण नसताना मेंदूला दुखण्याची वर्दी देत राहते. नागीण झालेल्यांपैकी साधारण १० ते १८ टक्के लोकांना हे होतं. चाळिशीच्या आत क्वचित, साठीनंतर बरंच.

याचं रूप ज्याने पाहिलं नाही त्याला ते खोटं वाटतं, म्हणून सांगते. कातडी वरून चांगली दिसते. हात जोरात दाबला तर चालतो, पण पदराची किनार नुसती घासली तर माणूस कळवळतो. आमच्याकडे कूलरचा वारा लागला की आई किंचाळायची, आणि कूलर बंद केला की उकाड्याने हैराण. शेवटी कूलर बाजूच्या खोलीत नेला आणि दार अर्धं उघडं ठेवलं. उष्माही चालेना, गार झोतही चालेना, हे नागपूरच्या उन्हाळ्यात किती अवघड आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिच्या उपयोगी पडलेल्या गोष्टी: अंगाला लागून बसणारी, शिवण उलटी केलेली जुन्या मलमलची बंडी (ढिला कपडा हलतो आणि घासतो, घट्ट बसलेला कमी त्रास देतो), आणि दुपारी कुणीतरी बोलत बसणं.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फार चालत नाहीत, कारण हे सुजेचं दुखणं नाही, शिरेचं आहे. डॉक्टर गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, किंवा अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन देतात. चिठ्ठीवर फिटची किंवा नैराश्याची गोळी दिसली म्हणून घाबरू नका, त्या शिरेचं दुखणं शांत करतात. दोन गोष्टींची काळजी घ्या. यांनी झापड येते, तोल जातो, त्यामुळे रात्री संडासला जाताना दिवा लावलेला आणि कुणीतरी जागं हवं. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर नागीण परवडली असं होतं. आणि गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची. प्रोस्टेटचा त्रास असेल किंवा काचबिंदू असेल तर अमिट्रिप्टिलिनच्या आधी डॉक्टरांना सांगा. कातडी पूर्ण भरलेली असेल तर लिडोकेनच्या चिकटपट्ट्याही मिळतात.

महिनाभरात फरक नसेल तर पेन क्लिनिक असलेल्या रुग्णालयाची चौकशी करा. आम्ही सहा महिने ‘जाईल हळूहळू’ यात घालवले. आणि घरच्यांनो, झोप नाही, जेवण तुटलं, माणूस चिडचिडा झाला, तर त्याला ‘एवढं काय करते’ म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. ते मला अजून टोचतं.

पाचवी पायरी: लस घ्यायची का?

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. गोळ्या वेळेत मिळाल्या असत्या तर आईचे चौदा महिने टळले असते, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. गोळीने फोड लवकर सुकतात, सुरुवातीचं दुखणं कमी होतं, डोळ्याचा धोका कमी होतो. पण नंतर उरणारं दुखणं ती हमखास रोखत नाही. ते रोखायचा खात्रीचा मार्ग एकच, नागीण निघूच न देणं. म्हणून लसीचा विचार करताना ‘फोड येतील की नाही’ यापेक्षा ‘ते दुखणं माझ्या घराला झेपेल का’ हा प्रश्न विचारा.

लसीचं नाव शिंग्रिक्स. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीची. अमेरिकेत २०१७ पासून आहे, भारतात एप्रिल २०२३ मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांसाठी आली. हिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन आहे आणि प्रतिकारशक्तीला जोराने हाक मारणारा एक जोडघटक आहे. त्या जोडघटकातला एक अंश चिलीमधल्या क्विलाया झाडाच्या सालीतून येतो. दंड दुखतो, अंग कसकसतं, ते मुख्यतः त्या हाकेमुळे. याआधी झोस्टावॅक्स नावाची जिवंत विषाणूची लस होती. तिचा उपयोग साधारण निम्माच व्हायचा आणि अमेरिकेत ती २०२० मध्ये बंद झाली. जुन्या लेखांतले आकडे बहुधा तिचे असतात, वाचताना बघून घ्या.

आकडा एकच देते, कारण तो मला पटला. पन्नाशीपुढच्या लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सुमारे ७,७०० जणांना खरी लस दिली, तितक्याच लोकांना नुसतं मिठाचं पाणी. सव्वातीन वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं. खरी लस घेतलेल्यांपैकी ६ जणांना नागीण झाली, पाणी घेतलेल्यांपैकी २१० जणांना. म्हणजे ९७ टक्के बचाव. सत्तरीपुढच्यांमध्येही तो ९० टक्क्यांच्या जवळ राहिला, आणि दहा-अकरा वर्षांनी पाहिलं तरी ८० टक्क्यांच्या आसपास होता.

पण हाच आकडा उलटा करून बघा, तेही प्रामाणिकपणाचं आहे. लस न घेतलेल्या हजारातल्या साधारण ९७३ जणांना त्या सव्वातीन वर्षांत काहीच झालं नाही. धोका एका वर्षाचा लहान असतो, तो साठत जातो. अमेरिकेतला अंदाज असा की आयुष्यभरात तिघांपैकी एकाला नागीण होते. म्हणून वयाच्या पन्नाशीला, धडधाकट असताना, दोन-तीन वर्षं थांबून विचार केला तर आभाळ कोसळत नाही. साठीनंतर, किंवा मधुमेह, दमा-फुप्फुसाचा जुना आजार, संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, कर्करोग, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण यांपैकी काही असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घ्या. स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा टोफासिटिनिबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू होणार असेल तर ती सुरू होण्याआधीच डॉक्टरांना लसीचं विचारा, नंतर अंगाची तयारी तितकी होत नाही.

खर्च हा खरा अडसर आहे आणि तो लपवून उपयोग नाही. दोन डोस लागतात आणि एका डोसला दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडतात. सरकारी लसीकरणात ती नाही, आणि मेडिक्लेम बहुधा ओपीडीतल्या लसीचे पैसे देत नाही. एका जोडप्याचे चाळीस हजारांच्या पुढे जातात. सगळ्यांना एकदम जमणार नसेल तर घरात क्रम लावा. आमच्याकडे ह्यांचं वय ६२ आणि साखर पंधरा वर्षांपासून, म्हणून पहिला नंबर त्यांचा. माझा त्याच्या पुढच्या वर्षी, ५४ व्या वर्षी. माझा धाकटा भाऊ ४४ चा, त्याला काही आजार नाही, त्याला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. आणि कर्ज काढून घ्यायची ही लस नाही. पैसे नसतील तर वरच्या पहिल्या दोन पायऱ्या घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या.

त्रास किती होतो? दंड दुखणं बहुतेकांना. थकवा, अंगदुखी, डोकेदुखी बऱ्याच जणांना, थंडी वाजणं आणि ताप काहींना. साधारण सहांतल्या एकाला इतकं होतं की एक-दोन दिवस कामं बाजूला पडतात. दोन-तीन दिवसांत उतरतं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातल्या रुग्णांमुळे जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शिरांवर उलटते आणि हातपाय लुळे पडू शकतात) हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलं, म्हणून हेही सांगायला हवं: अमेरिकेत ६५ च्या पुढच्या लोकांत दहा लाख डोसमागे सुमारे ३ जास्तीचे जीबीएसचे रुग्ण दिसले आणि औषधाच्या माहितीपत्रकात २०२१ पासून तशी सूचना आहे. तुम्हाला आधी जीबीएस होऊन गेला असेल तर डॉक्टरांशी त्यावर बोलल्याशिवाय लस घेऊ नका.

‘मला कांजिण्या झाल्याचं आठवत नाही’ असं बरेच जण म्हणतात. आपल्या पिढीत जवळपास सगळ्यांना होऊन गेल्या आहेत, त्यासाठी तपासणी करत बसायची गरज नाही. आज नागीण चालू असेल तर ही लस औषध म्हणून चालत नाही, उरलेलं दुखणंही तिने जात नाही. एकदा होऊन गेली असेल तरी पुन्हा होऊ शकते, म्हणून बरं झाल्यावर लस घेता येते. पुरळ पूर्ण गेलेलं हवं, बाकी अंतर डॉक्टर ठरवतात.

सहावी पायरी: इथे, कधी आणि कशी

आजार किंवा औषधामुळे घाई नसेल तर माझा सल्ला असा: पहिला डोस दिवाळी झाल्यावर, दुसरा संक्रांतीनंतर. दोन डोसांत दोन ते सहा महिन्यांचं अंतर हवं असतं, ते यात बसतं, आणि लसीचा ताप थंडीत निघून जातो. मेमध्ये, बाहेर ४५ अंश असताना अंगात ताप घेऊन पडणं मी कुणाला सांगणार नाही. सहा महिन्यांच्या पुढे गेलात तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, दुसरा डोस मिळेल तेव्हा घ्यायचा. पण घ्यायचाच. एकाच डोसवर थांबलेले बरेच लोक मी पाहिले, पहिल्या वेळच्या तापाला घाबरून.

लस फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहावी लागते आणि गोठूही द्यायची नसते. म्हणून दुकानातून विकत घेऊन, प्लास्टिकच्या पिशवीत टाकून, गाडीला लटकवून दवाखान्यात नेऊ नका. जिथे टोचून घ्यायची तिथेच त्यांनी मागवलेली घ्या. मोठ्या रुग्णालयात प्रौढांचं लसीकरण असतं. आम्ही एका बालरोगतज्ज्ञांकडे घेतली, कारण त्यांच्याकडे लसींचा वेगळा फ्रिज आणि इन्व्हर्टर होता. वादळी पावसाने वीज गेली तर फ्रिजचं काय होतं, हे विचारायला संकोच नको. लस दोन बाटल्यांत येते, एकीत पूड, दुसरीत द्रव. ती तुमच्यासमोर मिसळायला सांगा. कांजिण्यांची लस वेगळी असते, बाटलीवरचं नाव वाचा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई टोचण्याआधी सांगा, आणि नंतर जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरा. ताप असेल तर त्या दिवशी नको. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात चालते.

डाव्या दंडात घ्या, डावखुरे असाल तर उजव्या. दुसऱ्या दिवशी लग्न, प्रवास, परीक्षा काही ठेवू नका. पाणी, पॅरासिटामॉल, आराम. ह्यांना पहिल्या डोसला नुसता दंड दुखला, दुसऱ्याला रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते तर्रीपोहे खायला बाहेर पडले. मला दोन्ही वेळा अंग मोडून आलं.

आईने सगळ्यात शेवटी घेतली, दुखणं थांबून आठ महिने झाल्यावर, ८० व्या वर्षी. तिनेच विषय काढला. लसीचं कार्ड, त्यावरचा बॅच नंबर आणि तारीख यांचा फोटो काढून आम्ही तिच्या साखर-बीपीच्या फाइलमध्ये लावला आहे. तुम्हीही लावा, पुढच्या डॉक्टरांना तो लागतो. त्या फाइलच्या पहिल्या पानावर तिने स्वतःच्या हाताने तिच्या बहिणीसाठी लिहून ठेवलं आहे, मावशी गोंदियाहून आली की वाचेल म्हणून: ‘एका बाजूला दुखलं आणि फोड आले तर त्याच दिवशी फोन कर. काकूला विचारू नको.’